समुद्राच्या गाळातलं औषध

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)

  गटाच्या बैठकीत एकत्र बसून ऐकत असाल, तर हिशेबाची वही थोडा वेळ मिटून ठेवा.

आजचा विषय आहे समुद्रातले जिवाणू आणि ते तयार करत असलेली जंतुनाशक द्रव्यं. ऐकून कोणी म्हणेल, आमचा याच्याशी काय संबंध? किनाऱ्यावरच्या बायकांनी मासळी विकावी, घाटावरच्या बायकांनी शेती बघावी, आणि जिवाणू शास्त्रज्ञांनी बघावेत. पण आपल्या प्रत्येकीच्या घरात औषधांचा एक डबा असतो. कुणाचा फडताळात, कुणाचा फ्रिजवर, कुणाचा देवाच्या कोनाड्यात. त्यात मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या असतात. आज घरी गेल्यावर त्यातलं एखादं पाकीट उचला आणि लेकीकडून नाव वाचून घ्या. नाव ‘सेफ’ या अक्षरांनी सुरू होतंय का? सेफिक्सिम, सेफॅलेक्सिन, असं काही? दवाखान्यात टोचतात ते सेफ्ट्रियाक्झोनचं इंजेक्शनही त्याच घराण्यातलं. या घराण्याचा मूळपुरुष एका समुद्रकिनाऱ्यावर सापडला होता. ती गोष्ट मी पुढे सांगणारच आहे.

आधी अँटिबायोटिक म्हणजे काय ते बघू. मराठीत त्याला प्रतिजैविक म्हणतात. आपण रात्री कोमट दुधाला विरजण लावतो आणि सकाळी दही होतं. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खातात आणि आंबटपणा तयार करतात. त्या आंबटपणात नासवणारे बरेचसे जंतू टिकत नाहीत. म्हणून उघडं दूध लवकर नासतं, पण दही त्याहून जास्त टिकतं. म्हणजे एका जातीच्या जिवाणूने भांड्यात आपली जागा धरली आणि बाकीच्यांना शिरू दिलं नाही. प्रतिजैविकाचं मूळही असंच आहे. एक सूक्ष्मजीव दुसऱ्याला दूर ठेवायला किंवा मारायला काही द्रव्य सोडतो. अशा द्रव्यांतलं जे रोगाच्या जंतूला मारतं, पण माणसाला फारसं बाधत नाही, ते निवडून त्याचं औषध करतात.

आजवरची बहुतेक प्रतिजैविकं जमिनीवरच्या सूक्ष्मजीवांकडून आली. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत बुरशी पडलेली दिसली, आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळून गेलेले दिसले. त्यातून पेनिसिलिन मिळालं. १९४३ साली अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याला मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. क्षयावर गुण देणारं ते पहिलं प्रतिजैविक. आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथल्या शास्त्रज्ञांनीही मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन नावाचं बुरशीवरचं औषध शोधलं. त्या जिवाणूच्या नावातच पिंपरीचं नाव गुंफलेलं आहे. पहिला पाऊस पडला की मातीचा वास येतो ना? तो वास प्रामुख्याने याच कुळातल्या जिवाणूंमुळे येतो. आपण रोज ज्या मातीत राबतो, तिनेच आपली कितीतरी लेकरं वाचवली आहेत.

मग आता समुद्राकडे जायची गरज का पडली? त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण असं, की माती तपासून तपासून शास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा तीच द्रव्यं सापडायला लागली. शंभर ठिकाणची माती आणावी आणि त्यातून आधीच माहीत असलेलं औषध निघावं, असं होऊ लागलं. दुसरं कारण आपल्या जास्त जवळचं आहे. रोगाचे जंतू जुन्या औषधांना दाद देईनासे झाले.

आमच्या भागातल्या एका गटातल्या ताईंच्या सासूबाईंचं सांगते. त्यांना साखरेचा आजार. पायाला काटा लागला आणि जखम चिघळली. पहिल्या गोळ्यांनी उतार पडला नाही. दुसऱ्या दिल्या, त्यांनीही नाही. मग डॉक्टरांनी जखमेतला पू तपासायला पाठवला. जो कागद आला, त्यावर औषधांची लांबलचक यादी होती आणि प्रत्येक नावापुढे एक इंग्रजी अक्षर, ‘एस’ नाहीतर ‘आर’. ‘एस’ म्हणजे हे औषध या जंतूवर चालेल. ‘आर’ म्हणजे चालणार नाही. सासूबाईंच्या कागदावर खाली खाली ‘आर’च होतं. ‘एस’ होतं ते महागड्या इंजेक्शनांपुढे. त्या बऱ्या झाल्या, पाय वाचला. पण ताईंनी गटातून दोन वेळा कर्ज घेतलं, आणि शेळ्या घ्यायचं त्या वर्षीचं ठरलेलं राहून गेलं. आपल्या कर्जाच्या अर्जात कारणाच्या रकान्यात आपण नुसतं ‘आजारपण’ लिहितो. त्या एका शब्दाच्या पोटात कधी कधी असा ‘आर’ दडलेला असतो.

हे एका घरापुरतं नाही. जगभरचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला, तेव्हा २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली असा अंदाज निघाला. बाळंतपणातलं सीझर, हाडाचं ऑपरेशन, कमी दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत ठेवणं, हे सगळं आपण प्रतिजैविकांच्या भरवशावर करतो. तीच चालेनाशी झाली तर या साध्या गोष्टी जोखमीच्या होतील. म्हणून नवी औषधं शोधायची, तर नव्या जागी शोधायला हवीत. आणि पृथ्वीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग तर समुद्राने व्यापलेला आहे.

समुद्राचं पाणी दिसायला स्वच्छ असतं. पण चहाचा एक चमचाभर पाणी घेतलं, तर त्यात साधारण ५० लाख जिवाणू असतात. तळाच्या गाळात तर त्याहून कितीतरी जास्त. यातले बहुतेक आपल्याला काही करत नाहीत. ते आपलं खातात, वाढतात आणि जागेसाठी भांडतात. होडी पाण्यात उभी राहिली की तिच्या बुडाला काय होतं, हे कोळणींना सांगायला नको. आधी बुळबुळीत थर चढतो, मग शेवाळ, मग शिंपल्यासारखे कडक जीव. तो पहिला बुळबुळीत थर जिवाणूंचा असतो. जत्रेत पहाटे येऊन दुकानाची जागा धरतात, तशी हे जिवाणू दगडावर, शेवाळाच्या पानावर, कोळंबीच्या पाठीवर जागा धरतात. आणि धरलेली जागा राखायची तर दुसऱ्याला हुसकावणारं काहीतरी सोडावं लागतं. पाण्यात सोडलेलं लगेच पातळ होऊन वाहून जातं, म्हणून ते थोडक्यातही जोरकस असावं लागतं.

आता ती ‘सेफ’ची गोष्ट. इटलीच्या सार्डिनिया बेटावर काल्यारी नावाचं शहर आहे. तिथे ज्युसेप्पे ब्रोत्सू हे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. शहराचं सांडपाणी जिथे समुद्राला मिळतं, तिथलं पाणी त्यांनी १९४५ साली तपासलं. विषमज्वराचे, म्हणजे टायफॉइडचे जंतू तिथे जाऊन पडणारच. मग त्यांना आटोक्यात ठेवणारं कोणी त्या पाण्यात आहे का, असा त्यांचा विचार होता. त्यांना एक बुरशी सापडली. तिच्या रसाने अनेक जंतू मरत होते. त्यांच्याकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती, पैसा नव्हता. १९४८ साली त्यांनी आपलं काम छापलं आणि ती बुरशी इंग्लंडला ऑक्सफर्डला पाठवली. तिथे एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी वर्षानुवर्षं खपून तिच्यातलं द्रव्य वेगळं केलं. त्यावरून तयार केलेलं पहिलं औषध १९६४ साली बाजारात आलं. पाण्याच्या बाटलीपासून दवाखान्यापर्यंत एकोणीस वर्षं. हा आकडा लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

ती बुरशी होती, जिवाणू नव्हता. समुद्रातल्या जिवाणूंकडे थोड्याच वर्षांत लक्ष गेलं. १९४७ साली कॅलिफोर्नियाच्या रोझेनफेल्ड आणि झोबेल या दोघांनी समुद्री जिवाणू दुसऱ्या जंतूंची वाढ थांबवतात असं दाखवून दिलं. मग १९६६ साली पॉल बर्कहोल्डर आणि त्यांच्या सोबत्यांनी पोर्तो रिको बेटाजवळच्या समुद्री गवतावरून एक जिवाणू आणला. त्याने तयार केलेलं द्रव्य निराळंच होतं. समुद्राच्या पाण्यात आपल्या मिठाबरोबर ब्रोमिन नावाचं मूलद्रव्यही थोडं असतं. या जिवाणूने ते ब्रोमिन उचलून आपल्या द्रव्यात इतकं भरलं होतं, की त्या द्रव्याच्या वजनातला ७० टक्क्यांहून जास्त भाग नुसत्या ब्रोमिनचा होता. मातीतल्या जिवाणूंकडून असलं काही मिळालं नव्हतं. जसं गाव तशी भाजी, म्हणतात ना, तसं. खारट पाण्यातल्या जिवाणूने खारट पाण्यातलंच सामान वापरलं. त्या द्रव्याचं औषध काही झालं नाही. पण समुद्राचा स्वयंपाक वेगळा आहे, हे सगळ्यांना कळलं.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट कोळंबीची आहे. नदी-खाडीतल्या काही जातींच्या कोळंबीच्या पोटाखाली अंड्यांचा गुच्छ चिकटलेला आपण बघतो. पिलं बाहेर येईपर्यंत आई तो गुच्छ सांभाळत फिरते. आता बघा, गढूळ पाणी, त्यात नाना जातीची बुरशी, आणि अंड्यांना ना हात ना पाय. तरी ती सडत कशी नाहीत? १९८९ साली सोफिया गिल-टर्नेस या संशोधक बाईंनी मार्क हे आणि विल्यम फेनिकल यांच्याबरोबर याचं उत्तर छापलं. त्या अंड्यांवर एका जातीच्या जिवाणूंचा थर असतो. या शास्त्रज्ञांनी काही अंड्यांवरचे जिवाणू औषधाने काढून टाकले आणि मग बुरशीशी गाठ घालून दिली. ती अंडी थोड्याच वेळात मेली. काही अंड्यांवर ते जिवाणू परत बसवले. ती जगली. मग जिवाणू न बसवता, जिवाणू जे द्रव्य तयार करतात ते एकटंच अंड्यांना लावून बघितलं. तीही जगली. त्या द्रव्याचं नाव आयसॅटिन. गंमत अशी, की रसायनवाल्यांना हे द्रव्य शंभराहून जास्त वर्षं माहीत होतं. आपण कपड्यांना ज्या निळीचा रंग देत असू, त्या निळीपासून ते पूर्वीच तयार केलेलं होतं. पण कोळंबीच्या अंड्यावर बसून एक जिवाणू ते रोज बनवतो, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

यातून मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ते राखणदार जिवाणू गेले ते कशामुळे? अंड्यांना दिलेल्या प्रतिजैविकामुळे. म्हणजे प्रतिजैविक शत्रू मारतं तसं राखणदारही मारतं. आपल्या पोटात, त्वचेवर, अंगावरच्या नाजूक जागीही असे राखणदार असतात. बऱ्याच बायकांना प्रतिजैविकाच्या गोळ्या घेतल्यावर जुलाब होतात किंवा अंगावरून खाजरं पांढरं जातं. त्याचं एक कारण हेच असतं. गरज असेल तेव्हा गोळी घ्यायलाच हवी. गरज नसताना घेतली, तर मात्र आपण आपलेच राखणदार मारतो.

समुद्रातल्या जिवाणूपासून औषध शोधतात कसं, तेही थोडक्यात सांगते. तळाचा गाळ किंवा शेवाळाचा तुकडा आणतात. समुद्राच्या पाण्यात बनवलेल्या जेलीसारख्या खाद्यावर तो पसरतात. त्यावर वेगवेगळ्या जिवाणूंचे ठिपके वाढतात. एकेक ठिपका उचलून रोगाच्या जंतूशेजारी ठेवतात. ठिपक्याभोवती मोकळं वर्तुळ दिसलं, म्हणजे तिथे जंतू वाढला नाही. त्या जिवाणूला मोठ्या भांड्यात वाढवून त्याचा रस काढतात आणि त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं करतात. मग ते माणसाच्या पेशींना बाधतं का बघतात, उंदरांवर बघतात, शेवटी माणसांवर. प्रत्येक पायरीवर गळती होते. बहुतेक द्रव्यं विषारी निघतात किंवा शरीरात टिकत नाहीत.

आणखी एक अडचण आहे. समुद्रातले शंभरातले नव्याण्णव जिवाणू नेहमीच्या पद्धतीने प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. जे वाढतात, त्यांतले काही एकटे ठेवले की द्रव्य बनवतच नाहीत. शेजारी कुणी असलं तरच बनवतात. नवीन बाई गटात आली की पहिल्या बैठकीत गप्प बसते, शेजारणीने विषय काढला की बोलू लागते. तसंच. म्हणून आता शास्त्रज्ञ दोन-दोन जिवाणू मुद्दाम एकत्र वाढवून बघतात.

तरी हाती काहीच आलं नाही असं नाही. २००४ साली जपानच्या समुद्रातून, २८९ मीटर खोलीवरच्या गाळातल्या जिवाणूकडून ॲबिसोमायसिन नावाचं द्रव्य मिळालं. ते काम कसं करतं बघा. गरोदरपणात आपल्याला लोहाची गोळी मिळते, तिच्यात फॉलिक ॲसिड असतं. ते आपल्याला अन्नातून किंवा गोळीतून घ्यावं लागतं. आपलं शरीर ते बनवत नाही. पुष्कळ जंतूंचं उलट आहे, त्यांना ते स्वतःच बनवावं लागतं. ॲबिसोमायसिन जंतूचं हे बनवणंच अडवतं. जी पायरी आपल्या शरीरात नाहीच, तिथे घाव घातला की आपल्याला इजा होण्याची भीती कमी. पुढे २०१३ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या गाळातून अँथ्रासिमायसिन मिळालं. गुरांना होणारा फाशी रोग आपल्याला माहीत आहे. त्या रोगाच्या जंतूवर ते प्रयोगशाळेत जोरकस ठरलं. जखमा चिघळवणारा, नेहमीच्या औषधांना न जुमानणारा एक जंतू आहे, त्याच्यावर उंदरांमध्येही त्याचा गुण दिसला. आपल्या देशातही गोव्यात दोनापावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, कोचीला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आहे. तिथेही समुद्रातल्या सूक्ष्मजीवांवर काम चालतं.

पण मैत्रिणींनो, ही दोन्ही औषधं आज तुमच्या-माझ्या मेडिकलच्या दुकानात मिळत नाहीत. ती अजून प्रयोगशाळेतच आहेत. ‘सेफ’च्या औषधाला एकोणीस वर्षं लागली होती. आताही वर्षं लागतात, आणि पैसाही अमाप लागतो. शिवाय रक्तदाबाची गोळी माणूस आयुष्यभर घेतो, प्रतिजैविक पाच-सात दिवस. म्हणून मोठ्या कंपन्यांना त्यात कमाई कमी दिसते आणि बऱ्याच कंपन्या या कामातून बाहेर पडल्या आहेत. म्हणजे समुद्रात औषध आहे, पण ते आपल्यापर्यंत कधी पोचेल हे आपल्या हातात नाही. तोवर आहे ती औषधं चालू ठेवणं मात्र बरंचसं आपल्या हातात आहे.

ज्या भगिनी कोळंबीची किंवा माशांची तळी बघतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. तळ्यात रोग आला की औषध ओतायचा मोह होतो. पण कोळंबीपालनात कितीतरी प्रतिजैविकांवर आपल्याकडे बंदी आहे, आणि मालात त्यांचा अंश सापडला तर परदेशी गेलेला माल नाकारला जातो. युरोपात यावर वेगळा रस्ता शोधताहेत. तिथल्या मत्स्यबीज केंद्रांत फिओबॅक्टर नावाचा समुद्री जिवाणू सापडला. तो माशांच्या पिलांना मारणाऱ्या व्हिब्रिओ जंतूंना हटवणारं द्रव्य सोडतो. डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी माशांच्या पिलांबरोबर तो ठेवून बघितला, तेव्हा रोगाचा जंतू सोडूनही पिलं कमी मेली. म्हणजे औषध ओतण्याऐवजी राखणदारच पाण्यात सोडायचा. अजून हे प्रयोगाच्या पातळीवर आहे. तुमच्या तळ्यासाठी काही विकत घ्यायचं असेल, तर आधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या माणसाला विचारा. दुकानदाराच्या शब्दावर डबा घेऊ नका.

या विषयावर गटांमध्ये बोलले, तेव्हा एक प्रश्न हमखास आला. ‘ताई, मग जखमेवर समुद्राचं पाणी लावलं तर चालेल का? खाडीचा चिखल लावला तर?’ नाही. अजिबात नाही. समुद्रात राखणदार आहेत तसे चोरही आहेत. व्हिब्रिओच्या एका जातीचे जंतू जखमेतून शिरून फार वाईट आजार करतात. साखरेचा किंवा लिव्हरचा आजार असलेल्याला तर जिवावर बेतू शकतं. आणि औषधी द्रव्य पाण्यात इतकं थोडं असतं, की शास्त्रज्ञांना चिमूटभर मिळवायला जिवाणू भांडीच्या भांडी वाढवावे लागतात. मासळी साफ करताना काटा लागला, कालवं काढताना हात कापला, तर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, स्वच्छ फडकं बांधा, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. जखम लाल होऊन सुजू लागली, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तसंच, समुद्री शेवाळाची पावडर, समुद्राचं अमुक औषध, असं सांगून दारावर कुणी काही विकायला आलं, तर आजचं हे भाषण आठवा. समुद्री जिवाणूचं म्हणून कुठलंही प्रतिजैविक असं दारोदार विकलं जात नाही.

आता आपण काय करायचं? चारच गोष्टी सांगते, वहीत लिहून घ्या.

एक. सर्दी, पडसं आणि बराचसा साधा ताप विषाणूंमुळे होतो. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. ‘डॉक्टर, जरा पॉवरची गोळी द्या’ असं आपणहून मागू नका. उलट विचारा, ‘ही गोळी खरंच लागेल का?’ असं विचारण्यात संकोच कसला?

दोन. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, हे ओळखा. लोकांना ही रेघ कळावी म्हणून सरकारने २०१६ साली मोहीमही चालवली होती. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्या. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. अर्धवट मार खाल्लेल्या जंतूंतले जे चिवट असतात, तेच मागे उरतात आणि वाढतात. त्रास झाला तर डॉक्टरांना विचारून बदला.

तीन. उरलेली गोळी जावेला, शेजारणीला देऊ नका, आणि तिची घेऊ नका. विहिरीत, ओढ्यात, खाडीतही टाकू नका. पाण्यातल्या जंतूंना त्या औषधाची सवय लागते. काय करायचं ते आशाताईंना किंवा उपकेंद्रात विचारा. कोंबड्या, शेळ्या, गाई यांनाही घरातली गोळी चुरून घालू नका. पशुवैद्यकांनी औषध दिलं, तर किती दिवस दूध विकायचं नाही, अंडी विकायची नाहीत, हे त्यांना विचारून घ्या आणि पाळा.

चार. आजारच कमी होतील असं बघा. स्वयंपाकाआधी, बाळाला भरवण्याआधी, शौचानंतर साबणाने हात धुणं, पाणी उकळून किंवा शुद्ध करून पिणं, बाळाच्या लसी वेळेवर देणं. जो आजार झालाच नाही, त्याला गोळी लागत नाही आणि गटाचं कर्जही लागत नाही.

किनाऱ्यावरच्या गटांना एक जास्तीची विनंती. खाडीकाठी कांदळवनाचा जो काळा चिखल आहे, त्याला आपण घाण म्हणतो आणि तिथे कचरा ओततो. अशाच गाळात शास्त्रज्ञ औषध शोधत असतात. कुठल्या चिखलात उद्याचं काय दडलंय, आज कुणालाच सांगता यायचं नाही. कचरा आणि सांडपाणी ओतलं, की तिथे औषधांना न जुमानणारे जंतू पोसले जातात. ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्या. कचरा टाकायची जागा कांदळवनापासून लांब हलवायचा ठराव ग्रामसभेत मांडा. 

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरातला औषधांचा डबा घेऊन या. आशाताईंनाही बोलवा. कुठली गोळी जुनी झाली, कुठली अर्धवट राहिली, कुठल्या पाकिटावर लाल रेघ आहे, ते सगळ्या मिळून बघा. ज्यांना वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवा. अर्ध्या तासाचं काम आहे. काय काय निघालं ते रेडिओ केंद्रावर कळवा, आपण पुढच्या कार्यक्रमात त्यावर बोलू.

तोवर सांभाळून राहा. नमस्कार.